तोमरांची अखेरची दहा वर्षे

ग्वाल्हेरच्या गाण्याचा विषय निघाला की आपल्या लष्करातील मंडळी हद्दूखाँ-हस्सूखाँपासून सुरुवात करतात. फार मागे गेलीच तर तानसेनापर्यंत जातात आणि हजिऱ्यावरच्या चिंचेच्या झाडाखाली विसावतात. त्याच्याही मागे, अकबराचा जन्म व्हायला अजून पंचवीस-तीस वर्षे होती त्या काळात, आपल्या या किल्ल्यावर जे घडले ते क्रमिक पुस्तकांत दीड ओळीत उरकलेले असते : राजा मानसिंह तोमर १५१६ साली वारला, १५१८ च्या सुमारास इब्राहिम लोदीने किल्ला घेतला. राजाची ती दीड ओळ झाली; पण त्याच्या पदरी जे गात होते त्यांचे पुढे काय झाले, हे मला लहानपणापासून कुणी सांगितले नव्हते. पेशाने गाणे शिकवणारा मी. इतिहासात माझी गती बेताची. परंतु हा प्रश्न गवयाच्या घरातला असल्यामुळे त्याचा पिच्छा सोडवेना.

सोळाव्या शतकाचे हे दुसरे दशक हिंदुस्थानभरच मोठ्या धामधुमीचे गेले. १५१० साली विजापूरचा यूसुफ आदिलशहा मरण पावला आणि त्याच वर्षी अल्बुकर्कने गोवे एकदा घेतले, घालवले आणि नोव्हेंबरात पुन्हा घेतले. १५११ मध्ये गुजरातचा महमूद बेगडा गेला. त्याच सुमारास माळव्याचा नासिरुद्दीन खिलजी गेला. दक्षिणेत कृष्णदेवरायाने १५१५ साली कोंडवीडू सर केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अल्बुकर्क गोव्याच्या बाऱ्यात जहाजावरच मेला. उत्तरेत राणा संगाने १५१७ च्या सुमारास खातोलीपाशी इब्राहिम लोदीला हरवले, पण त्या लढाईत त्याचा डावा हात गेला आणि एक पाय कायमचा अधू झाला. तशाच देहाने १५१९ साली त्याने गागरोणजवळ माळव्याच्या महमूद खिलजीला पकडले. आणि त्याच १५१९ च्या आरंभी काबूलकडून एक माणूस बाजौर घेऊन, सिंधू ओलांडून भेऱ्यापर्यंत येऊन गेला. त्याचे नाव बाबर. ही सगळी सनावळी ध्यानात घेतली म्हणजे मग आपला किल्ला या गर्दीत कुठे उभा होता हे समजते. आग्रा, माळवा आणि मेवाड या तिघांच्या वाटा जिथे मिळतात, नेमका तिथे.

मानसिंह १४८६ साली गादीवर बसला. तीस वर्षे त्याने राज्य केले आणि त्यातील बहुतेक वर्षे दिल्लीचा सुलतान सिकंदर लोदी याच्याशी कधी झुंजण्यात, कधी नजराणे पाठवून त्याला परतवण्यात गेली. सिकंदराने आपले ठाणे दिल्लीहून आग्र्यास हलवले त्यात ग्वाल्हेरवर नजर ठेवणे हा एक हेतू होताच. १५०५ नंतर त्याने आजूबाजूचे किल्ले एकेक करून घेतले. १५०८ मध्ये नरवर घेतले. ग्वाल्हेर मात्र त्याला मिळाले नाही. एका मोहिमेत तर मानसिंहाच्या लोकांनी त्याच्या फौजेची रसद तोडली आणि बंजाऱ्यांचे तांडे येईपर्यंत सुलतानाच्या छावणीत दाण्याची टंचाई पडली.

हे दोघे हाडवैरी. आणि आता आमच्या कामाची गोष्ट पाहा. या दोघांच्याही नावाशी संगीतावरचा एकेक ग्रंथ जोडलेला आहे. मानसिंहाचा ‘मानकुतूहल’, आणि सिकंदराच्या नावाने फारसीत लिहिलेला ‘लहजात-ए-सिकंदरशाही’. एकाच्या तोफा दुसऱ्यावर रोखलेल्या, आणि दोघांच्याही दरबारात पंडित बसून राग-तालाचा काथ्याकूट करीत आहेत! सिकंदर स्वभावाने कर्मठ. दरबारात उघड गाणे त्याला चालत नसे. पण रात्री सनई ऐकल्याशिवाय त्याला राहवत नसे असे जुन्या तवारिखा सांगतात. त्याच्या सनईवाल्यांना चारच गोष्टी वाजवायची परवानगी होती : माळीगौर, कल्याण, कानडा आणि हुसेनी. पाचवे काही वाजवले तर शिक्षा. मला या माणसाचे नवल वाटते. ज्याला चारच राग पुरतात तो एक तर अरसिक असला पाहिजे, नाहीतर फार मोठा रसिक. सिकंदर यांतला कोणता, हे ठरवायला त्याचा तो सनईवालाच हवा.

मानसिंहाचे तसे नव्हते. त्याने चार रागांवर समाधान मानले नाही. बक्षू, मच्छू आणि भानू या त्या काळच्या नामांकित नायकांना हाताशी धरून त्याने गाण्याची एक नवी तऱ्हा प्रचारात आणली आणि ती मोठमोठ्या जाणकारांनाही पसंत पडली, असे अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त लिहिले आहे. हीच तऱ्हा म्हणजे धृपद. संस्कृत प्रबंध बाजूला सारून आपल्या मुलखाच्या बोलीत, ग्वालियरी भाषेत, चार तुकांची भारदस्त पदे बांधायची आणि ती पखवाजाच्या अंगाने गायची. राजाने देवळातले व शास्त्रातले गाणे लोकांच्या भाषेत आणले. ज्ञानेश्वरीचा वारसा सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना या कामाचे मोल निराळे समजावून सांगायला नको.

‘मानकुतूहल’ मूळ स्वरूपात आज आपल्यापुढे नाही. औरंगजेबाच्या काळात फकीरुल्ला नावाच्या सरदाराने १६६६ च्या सुमारास त्याचा फारसी अवतार ‘राग दर्पण’ या नावाने केला, त्यात स्वतःची भर घातली, आणि तेवढ्यावरच आपण मानसिंहाचे म्हणणे ओळखतो. औरंगजेबाने गाणे जमिनीत गाडले अशी गोष्ट शाळेत शिकवतात. त्याच्याच एका सरदाराने ग्वाल्हेरच्या राजाचा ग्रंथ वाचवला, हे कुणी शिकवत नाही.

मृगनयनीविषयी चार शब्द लिहिल्यावाचून सुटका नाही, कारण लेख वाचून पहिला प्रश्न तोच येणार. गुजरी महाल मानसिंहाने आपल्या गुजर राणीसाठी बांधला ही परंपरा जुनी आहे आणि ती न मानण्याचे कारण नाही. पण ‘गुजरी तोडी’ राजाने तिच्या नावावरून केली, बैजू बावरा तिचा गुरू होता, या गोष्टींवर माझा विश्वास नाही. वृंदावनलाल वर्मांची ‘मृगनयनी’ ही कादंबरी १९५० साली निघाली, १९५२ साली ‘बैजू बावरा’ बोलपट आला, आणि तेव्हापासून तर इतिहास व गोष्ट यांची अशी गुंतवळ झाली आहे की विद्यार्थ्यांच्या वहीतही ती उतरते. ‘गुर्जरी’ हे रागनाम जयदेवाच्या गीतगोविंदात आहे. शार्ङ्गदेवाच्या रत्नाकरात आहे. आणि तो रत्नाकर आपल्या देवगिरीला यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला, मानसिंहाच्या अडीचशे वर्षे आधी. राणी मोठी रसिक असेल. पण रागाला तिची गरज नव्हती.

१५१६ मध्ये मानसिंह गेला. त्याचा मुलगा विक्रमादित्य गादीवर आला. तवारिखकार त्याला विक्रमाजीत म्हणतात. सिकंदराने आता ग्वाल्हेरचा शेवटचा निकाल लावायचे ठरवून आग्र्यास फौजा जमवायला घेतल्या. इतक्यात त्याच्या घशाला रोग झाला. अन्नाचा घास उतरेना, पाणी उतरेना. २१ नोव्हेंबर १५१७ रोजी तो मेला. वैऱ्यामागोमाग वैरी गेला आणि ग्वाल्हेरला वाटले असेल की आता श्वास घ्यायला उसंत मिळेल.

ती मिळाली नाही. सिकंदराचा मुलगा इब्राहिम दिल्लीच्या तख्तावर बसला आणि त्याचा भाऊ जलालखान याने जौनपुरास वेगळी चूल मांडली. भावाभावांत जुंपली. हरलेला जलालखान पळत पळत आला तो ग्वाल्हेरला, विक्रमादित्याच्या आसऱ्याला. तोमरांनी त्याला दार उघडले. इब्राहिमाला निमित्त हवेच होते. त्याने आजम हुमायून शेरवानी या सरदाराला तीस हजार घोडदळ आणि तीनशे हत्ती देऊन किल्ल्यावर पाठवले. जलालखान तिथून निसटून माळव्यात व पुढे गोंडांच्या मुलखात गेला. गोंडांनी त्याला धरून इब्राहिमाच्या हवाली केले आणि कैदेत नेताना वाटेतच त्याचा काटा काढण्यात आला. ज्याच्यासाठी दार उघडले तो असा निघून गेला. वेढा मात्र उठला नाही.

पूर्वेच्या बाजूने आपण किल्ला चढू लागलो की खालीच गुजरी महाल लागतो. १९२२ पासून तिथे पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे. हा पायथ्याचा भाग म्हणजे बादलगड. मानसिंहानेच उभारलेला. शेरवानीच्या लोकांनी तटाखाली सुरुंग पेरून तो उडवला आणि आत शिरले. बादलगडात एक पितळेचा मोठा नंदी होता. तो उचलून दिल्लीला नेला व बगदाद दरवाज्यापाशी उभा केला. पुढे अकबराने तो फतेहपूरला आणला. बदायुनीने तो तिथे पाहिला आणि त्याच्या घंटा, घड्याळतास आणि इतर वस्तू ओतल्या असे नमूद करून ठेवले. ग्वाल्हेरच्या नंदीने मोगलांच्या प्रहरांचे टोल दिले म्हणायचे!

बादलगड पडल्यावर वरचा किल्ला फार काळ तग धरणार नव्हता. एकेक दरवाजा जात गेला. शेवटी विक्रमादित्याने तह केला. इब्राहिमाने त्याला शमसाबादची जहागीर दिली आणि ग्वाल्हेरचा राजा दिल्लीचा सरदार झाला. शंभराहून अधिक वर्षांचे तोमरांचे राज्य असे संपले. विक्रमादित्य मात्र खाल्ल्या अन्नाला जागला. २१ एप्रिल १५२६ रोजी पानिपतावर तो इब्राहिमाच्या बाजूने, ज्याने आपला किल्ला घेतला त्याच्यासाठी, लढताना पडला. ज्या हिऱ्याला पुष्कळजण कोहिनूर मानतात तो आग्र्यास त्याच्याच कुटुंबाकडून हुमायूनला मिळाला. त्याचा मुलगा रामशाह मेवाडात गेला आणि १५७६ साली हळदीघाटात राणा प्रतापाच्या बाजूने आपल्या मुलांसह कामी आला. पानिपताच्या नावाने आपल्या घरांतून अजून उसासा निघतो. तोमरांचाही एक उसासा त्या मैदानात आहे, आपल्या आधीचा.

१५२८ च्या सप्टेंबरात बाबर खुद्द किल्ला पाहायला आला. मानसिंहाचा महाल त्याने खोलीन् खोली पाहिली. बाहेरच्या अंगावरच्या रंगीत फरश्या, त्यांवरच्या केळीच्या आकृत्या, दरवाज्यापाशी असलेला दोन माहुतांसह दगडी हत्ती, सारे त्याने टिपून ठेवले आहे. मुलाचे मंदिर बापाच्या तोडीचे नाही, असा शेराही मारला आहे. पण ज्या महालात धृपद ऐकले जाई तो महाल बघणाऱ्या या चोखंदळ माणसाच्या रोजनिशीत तिथल्या गाण्याचा उल्लेख नाही. असणार कसा? गाणारे दहा वर्षांपूर्वीच तिथून उठले होते.

ते कुठे गेले याचा माग मिळतो. नायक बक्षू मानसिंहाच्या पश्चात विक्रमादित्यापाशी राहिला. गादी गेल्यावर तो कालिंजरला राजा कीरतकडे गेला. तिथून त्याला गुजरातचे बोलावणे आले आणि सुलतान बहादुरशहाच्या दरबारी त्याने पुढचे दिवस काढले. बहादुरशहा गादीवर बसला १५२६ मध्ये. म्हणजे किल्ला पडल्यापासून निदान आठ वर्षे हा माणूस एका दाराहून दुसऱ्या दाराला जात होता. ग्रंथात हे दोन वाक्यांत येते. पण त्या दोन वाक्यांमध्ये बुंदेलखंडाचे रान आहे, बैलगाडीत गोधडीत गुंडाळलेली वाद्ये आहेत, बायकामुले आहेत, आणि परक्या दरबारात पहिल्या बैठकीला “आमच्याकडे असे गातात” हे सांगताना आवाजाला सुटणारा कंप आहे.

हा कंप मला वाचून कळलेला नाही. माझे वडील आपल्या दरबारचे गवई. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा ते विशीत होते, नुकतेच नेमणुकीवर आलेले. सुरुंग लागला नाही, नंदी कुणी नेला नाही. फक्त महिन्याच्या महिन्याला मिळणारा तनखा हळूहळू आटला आणि दसऱ्याच्या दरबारात गायला बोलावणारे कुणी उरले नाही. मग ते सायकलवरून लष्करातल्या वाड्यांत शिकवण्या करू लागले. एका बड्या घरी त्यांना मागच्या दाराने यायला सांगितले होते, ते घर त्यांनी पहिल्याच महिन्यात सोडले. आईने विचारले, “पुढचा महिना कसा भागायचा?” तेव्हा म्हणाले, “तंबोरा पुढच्या दारानेच आत जातो.” त्यांना नोकरी शेवटी एका दूरच्या शहरातल्या संगीतशाळेत मिळाली. तिथे पहिल्या दिवशी त्यांनी काय गायले असे मी मोठेपणी विचारले. “दरबारात जे कधी गायला मिळाले नाही ते,” एवढेच बोलले. बक्षूने कालिंजरला काय गायले असेल याचा विचार करताना मला नेहमी हे उत्तर आठवते.

गुजरातेत बक्षूची कदर झाली. ग्वाल्हेरची नवी तऱ्हा तिथे घरोघर आवडती झाली असे अबुल फजल लिहितो. बहादुरी तोडी हा राग बक्षूने केला आणि त्याला नव्या धन्याचे नाव दिले असे आपल्याकडे मानतात. हा राग मी शिकवतो. त्या नावापाशी दर वेळी अडखळतो. ज्याने मानसिंहाच्या हाताखाली तीस वर्षांचा घाट पाहिला त्याचा सर्वांत प्रसिद्ध राग अहमदाबाद-चांपानेरच्या सुलतानाच्या नावावर! पण ही कृतघ्नता नव्हे. पदरी ठेवणाऱ्याला देण्याजोगे गवयापाशी दुसरे काय असते? बहादुरशहाही पुढे फार दिवस टिकला नाही. १५३५ मध्ये हुमायूनने मांडू घेतले तेव्हा शहरात कत्तल सुरू झाली आणि बहादुरशहाच्या पदरच्या एका गवयाला पकडून हुमायूनपुढे उभे केले, त्याने गायला सुरुवात केली, आणि हुमायूनने अंगातले लाल वस्त्र टाकून कत्तल थांबवली अशी हकीकत गुजरातच्या तवारिखेत येते. हकीकतीत कितपत मीठमसाला आहे हे देव जाणे. १३ फेब्रुवारी १५३७ रोजी दीवच्या समुद्रात पोर्तुगिजांनी बहादुरशहाला मारले, त्याबद्दल मात्र शंका नाही.

अकबराच्या दरबारातल्या छत्तीस कलावंतांची यादी आईनमध्ये आहे. पहिले नाव तानसेनाचे, आणि त्या छत्तिसांत निम्म्याच्या आसपास मंडळी ग्वाल्हेरची. तानसेन स्वतः रीव्याच्या राजा रामचंद्राकडून १५६२ मध्ये आग्र्यास नेला गेला. किल्ला पडून चव्वेचाळीस वर्षे झाली होती, गादी नव्हती, आश्रय देणारा राजा नव्हता, तरी ग्वाल्हेर हे गावाचे नाव गवयाच्या नावामागे लागले की त्याला मान मिळत होता. हद्दू-हस्सूखाँचे ख्यालाचे घराणे या धृपदियांच्या थेट वंशातले नव्हे; उगाच तो धागा जोडू नये. त्यांच्या आजोबांना व त्यांना शिंद्यांच्या दरबाराने थारा दिला, आणि पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे वासुदेवबुवा जोशांपाशी शिकून ती गायकी दक्षिणेत घेऊन गेले. ते निराळे प्रकरण आहे, पण इथे शिकावे आणि दुसरीकडे जाऊन गावे ही या गावची जुनीच रीत दिसते.

बक्षूच्या पदांचे काय झाले ते सांगून थांबतो. शाहजहानच्या काळी, म्हणजे बक्षूनंतर शंभर वर्षांनी, त्याची म्हणून मानलेली हजार धृपदे निवडून गोळा करण्यात आली. त्या संग्रहाचे नाव ‘सहसरस’. पदांत जिथे जिथे आश्रयदात्याचे नाव गुंफले होते तिथे ते काढून बादशहाचे नाव घालण्यात आले. १९७२ साली प्रेमलता शर्मांनी हा संग्रह संपादून प्रसिद्ध केला, त्यामुळे तो आता कुणालाही पाहता येतो. वरच्या वर्गातल्या मुलांना मी त्यातली काही पदे हातावर ताल धरून वाचायला लावतो. बादशहाच्या नावाशी मात्रा अवघडल्यासारख्या झाल्या की मुले थांबतात आणि त्या जागी कधी ‘मान’ घालून बघतात, कधी ‘बहादुर’. गेल्या आठवड्यात एका मुलीने एका पदात ‘मान’ बसवला, दोनदा म्हणून पाहिला आणि वहीत पेन्सिलीने लिहून ठेवला.